नदीवरून गेलेली मशीद

गेल्या रमजानमधली गोष्ट. इफ्तार आणि मगरिब उरकून आम्ही घरात निवांत बसलो होतो. सातवीत शिकणारी माझी मुलगी मोबाईलवर एक छायाचित्र पाहत होती. रुंद, सपाट बोटीवर एक अख्खी इमारत ठेवलेली, आणि भोवती पाणीच पाणी.

"अम्मी, हे घर बोटीवर का ठेवलंय?" तिने विचारले.

"ते घर नाही गं, मशीद आहे. कॅनडाच्या अगदी उत्तरेला चाललीये."

"मग रस्त्याने का नाही नेली?"

"ती ज्या खोऱ्यातून चाललीये ना, तिथे रस्ताच नाही."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "रस्ता नाही, तर तिथे माणसं कशी राहतात?"

प्रश्न साधा होता, पण मला चटकन उत्तर देता आले नाही. तरावीहची वेळ होत आली होती, म्हणून तो तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी तिचा शाळेचा नकाशासंग्रह काढला आणि त्या मशिदीच्या वाटेवर बोट ठेवून निघालो. त्या प्रदेशात मी गेलेले नाही. पण त्यानंतरचे काही आठवडे मी त्याच नदीविषयी मिळेल ते वाचत होते. त्यातून जे हाती लागले, ते वाचक भगिनी-बंधूंपुढे ठेवते.

कॅनडाच्या वायव्येला 'नॉर्थवेस्ट टेरिटरीज' नावाचा प्रांत आहे. क्षेत्रफळ तेरा लाख चौरस किलोमीटरहून जास्त, म्हणजे आपला महाराष्ट्र त्यात चार वेळा मावेल. लोकवस्ती मात्र चाळीस-पंचेचाळीस हजार, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाइतकी. या प्रांताच्या मधून मॅकेंझी नदी उत्तरेकडे वाहते आणि आर्क्टिक महासागराला मिळते. तिथले मूळ रहिवासी देने लोक तिला 'देहचो' म्हणतात. अर्थ सरळ आहे, 'मोठी नदी'. ग्रेट स्लेव्ह सरोवरातून निघून समुद्रापर्यंत ती १,७३८ किलोमीटर जाते. सरोवराला मिळणाऱ्या नद्यांसह पार उगमापासून मोजले, तर हा प्रवाह ४,२४१ किलोमीटरचा होतो. तिचे खोरे सुमारे अठरा लाख चौरस किलोमीटरचे, म्हणजे भारताच्या निम्म्याहून मोठे.

एवढ्या मोठ्या खोऱ्यात दक्षिणेकडून येणारा बारमाही रस्ता रिगली नावाच्या छोट्या गावाशी संपतो. त्यापुढे नदीकाठची गावे आहेत, पण त्यांना जोडणारी पक्की सडक नाही. उन्हाळ्यात बोट, हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीवरची आणि नदीवरची बर्फाची वाट, आणि कधीही जायचे तर छोटे विमान.

मशीद मात्र निघाली ती विनिपेग शहरातून. वर्ष २०१०. पार उत्तरेकडच्या इनुविक गावात शंभरेक मुसलमान राहत होते. कोणी सुदानचे, कोणी लेबनॉनचे, कोणी इजिप्तचे. काही टॅक्सी चालवणारे, काही छोटा व्यवसाय करणारे. त्यांची नमाज एका छोट्या, चाकांवरच्या घरात व्हायची आणि जागा पुरत नव्हती. इनुविकमध्ये बांधकाम करायचे तर लाकूड, खिळे, मजूर सगळेच दुरून आणावे लागते आणि खर्च आवाक्याबाहेर जातो. म्हणून मॅनिटोबा प्रांतातल्या एका मुस्लिम धर्मादाय संस्थेच्या मदतीने असे ठरले, की मशीद विनिपेगलाच बांधायची आणि तयार इमारत तिकडे न्यायची. सुमारे दीड हजार चौरस फुटांची ती वास्तू ट्रेलरवर चढली. वाटेत एका ओढ्यावरच्या अरुंद पुलाशी तो ट्रेलर कलंडता कलंडता वाचला. शेवटी ती ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या दक्षिण काठावरच्या 'हे-रिव्हर' या बंदरात पोहोचली. हंगाम संपत आला होता. शेवटची बोट चुकली असती, तर मशिदीला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथेच थांबावे लागले असते. बोट मिळाली. इथून पुढची वाट नदीची.

ग्रेट स्लेव्ह हे उत्तर अमेरिकेतले सर्वांत खोल सरोवर आहे, ६१४ मीटर. त्याच्या पश्चिम टोकातून मॅकेंझी बाहेर पडते. सुरुवातीला ती नदी वाटतच नाही, सरोवरच हळूहळू पुढे सरकत असल्यासारखी दिसते. फोर्ट प्रॉव्हिडन्सजवळ आज तिच्यावर एक मोठा पूल आहे, आणि एवढ्या लांब नदीवरचा तो एकमेव पूल. तो २०१२ मध्ये वाहतुकीला खुला झाला. म्हणजे आपली मशीद तिथून गेली तेव्हा सरोवरापासून समुद्रापर्यंत या नदीवर एकही पूरा झालेला पूल नव्हता.

पुढे फोर्ट सिम्प्सन हे गाव लागते. इथे डावीकडून लियार्ड नदी येऊन मिळते. लियार्ड डोंगरातून येते, त्यामुळे तिचे पाणी गाळाने तपकिरी. मॅकेंझीचे पाणी सरोवरात निवळून आलेले, त्यामुळे स्वच्छ. दोन्ही प्रवाह एकाच पात्रात कितीतरी अंतर शेजारी शेजारी वाहतात आणि लगेच मिसळत नाहीत. हे वाचताना मुलगी म्हणाली, "दुधात कोको घातल्यावर ढवळायचं राहिलं की दिसतं तसं."

लियार्डला वरच्या अंगाला नहानी नदी मिळते. तिच्याकडे थोडे वळल्याशिवाय या प्रदेशाची कल्पना येणार नाही. नहानी डोंगर चिरत येते. तिच्यावरचा व्हर्जिनिया धबधबा नव्वद मीटरहून उंच आहे, नायगाराच्या जवळपास दुप्पट. नायगाराला रोज हजारो माणसे मोटारींतून पोहोचतात. इथे रस्ताच नसल्यामुळे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने किंवा होडीतूनच जाता येते. युनेस्कोने १९७८ मध्ये जागतिक वारशाची पहिली यादी जाहीर केली, त्या मोजक्या नावांत नहानी होती.

परत मोठ्या नदीवर येऊ. रिगली मागे पडले की रस्ता संपतो. पश्चिमेला मॅकेंझी पर्वत, पूर्वेला फ्रँकलिन पर्वत, मध्ये कित्येक ठिकाणी दोन-तीन किलोमीटर रुंद होणारी नदी. काठाने स्प्रूसची बारीक, काळपट झाडे. त्यांच्यामागे दलदल, शेवाळाची गादी, लहान-मोठी तळी. आणि या सगळ्याखाली गोठलेली जमीन.

इथे रस्ता का होत नाही, याचे मोठे उत्तर या जमिनीतच आहे. वरचा थर उन्हाळ्यात हात-दोन हात वितळतो, पण त्याखालची माती आणि तिच्यातला बर्फ शेकडो-हजारो वर्षे गोठलेला असतो. झाडे तोडून, शेवाळ खरवडून रस्ता केला, की त्या बर्फावरचे पांघरूण जाते. बर्फ वितळतो, जमीन खचते, रस्ता लाटेसारखा वाकडातिकडा होतो. जिथे खालचा बर्फ आपोआप वितळतो, तिथे झाडेही तिरकी होतात. कोणी इकडे कलते, कोणी तिकडे. अशा रानाला तिकडचे लोक 'झिंगलेले जंगल' म्हणतात. पावलोपावली ओढे आणि उपनद्या आहेतच. म्हणून हिवाळ्यात सगळे दगडासारखे कठीण झाले की बर्फ दाबून तात्पुरती वाट करायची, काही आठवडे ट्रक न्यायचे, आणि वसंतात ती वाट पाण्याला परत द्यायची.

बोटीवरची मशीद पुढे तुलिता गावाजवळून गेली. तुलिता म्हणजे 'जिथे पाणी मिळते ती जागा'. उजवीकडून ग्रेट बेअर नदी इथे येऊन मिळते, आणि तिचे पाणी नितळ. संगमाशी बेअर रॉक नावाचा मोठा खडकाळ डोंगर आहे. देने लोकांच्या कथेत यामोरिया नावाच्या वीराने माणसांना त्रास देणाऱ्या अजस्र बीव्हरांना मारले आणि त्यांची तीन कातडी या डोंगरावर ताणून ठेवली. डोंगरावरचे ते डाग आजही दाखवले जातात. जवळच नदीकाठच्या दरडींत दगडी कोळशाचे थर आहेत आणि ते आपोआप धुमसत असतात. स्कॉटिश व्यापारी अलेक्झांडर मॅकेंझी १७८९ मध्ये इथून गेला, तेव्हाही त्याने हा धूर पाहून लिहून ठेवला होता.

नदीला आज ज्याचे नाव आहे तो हाच मॅकेंझी. शाळेच्या पुस्तकात त्याने नदी 'शोधली' असे असते. तो ३ जून १७८९ रोजी निघाला आणि जुलैच्या मध्याला नदीच्या मुखाशी पोहोचला. एवढ्या थोड्या दिवसांत अनोळखी नदी कशी पार झाली? सोबत चिपेवायन जमातीचा एक नामांकित म्होरक्या होता, त्याची माणसे होती, शिकार करणाऱ्या आणि कपडे-पादत्राणे शिवणाऱ्या बायका होत्या. शिवाय काठाकाठावर भेटणाऱ्या देने लोकांपैकी कोणी ना कोणी पुढचा टप्पा दाखवायला बरोबर घेतला जात होता. ज्यांना ही नदी घरच्या अंगणासारखी ठाऊक होती, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून ती शोधली गेली. "म्हणजे ती आधीच सापडलेली होती," असे मुलीने म्हटले, आणि मला त्यात दुरुस्ती करावीशी वाटली नाही.

तुलिताच्या संगमावर आणखी एक गोष्ट आठवावीच लागते. ग्रेट बेअर नदी ज्या सरोवरातून येते, ते ग्रेट बेअर हे संपूर्णपणे कॅनडात असलेले सर्वांत मोठे सरोवर आहे. त्याच्या पूर्व काठावर १९३० च्या दशकात रेडियम आणि युरेनियमचे खनिज सापडले. सरोवराकाठच्या देने पुरुषांना ते वाहायचे काम मिळाले. पोती भरायची, होड्यांवर चढवायची, जिथे खळाळ लागतो तिथे उतरवून पुढे न्यायची, पुन्हा चढवायची. हे खनिज कशासाठी जाते आणि त्याने शरीराचे काय होते, हे त्यांना कोणी सांगितले नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या अणुबॉम्बच्या प्रकल्पाला जे युरेनियम पुरवले गेले, त्यात इथलेही होते. पोती वाहणाऱ्यांपैकी कित्येक जण पुढे कॅन्सरने गेले, असे देलीने गावच्या लोकांचे म्हणणे आहे. त्या गावातली विधवांची दुःखे त्यांनी अनेक वर्षे सरकारपुढे मांडली.

पण मला थांबवले ते पुढच्या वाक्याने. १९९८ च्या ऑगस्टमध्ये देलीनेच्या काही लोकांचे शिष्टमंडळ जपानला, हिरोशिमाला गेले. आपल्या जमिनीतून निघालेल्या, आपल्या माणसांनी अजाणता वाहिलेल्या वस्तूने तिथे जे केले, त्याबद्दल दुःख व्यक्त करायला. ज्यांना फसवले गेले, तेच माफी मागायला गेले. मुलीला हे सांगताना माझा आवाज थोडा बदलला. ती म्हणाली, "पण त्यांची तर चूक नव्हती." मी म्हटले, "नव्हती बेटा. म्हणूनच ते मोठे."

नदी सगळेच वाहून नेते. लोकरी कातडी नेली, विषारी दगड नेले, तेल नेले, आणि एका सप्टेंबरात मशीद नेली. पाण्यावर काय ठेवायचे, हे नदी ठरवत नाही, माणूस ठरवतो.

तुलिताच्या पुढे नॉर्मन वेल्स. इथे १९२० मध्ये खनिज तेलाची पहिली विहीर लागली. पुढे १९७० च्या दशकात आर्क्टिकच्या किनाऱ्यावरचा नैसर्गिक वायू या खोऱ्यातून दक्षिणेला न्यायची प्रचंड नळयोजना आली. कंपन्यांच्या नकाशावर हा भाग रिकामा होता. कॅनडा सरकारने १९७४ मध्ये न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांना चौकशीसाठी नेमले. बर्जर यांनी शहरात बसून तज्ज्ञांना ऐकलेच, शिवाय ते विमानाने आणि होडीने गावोगाव फिरले. ३५ वस्त्यांत जाऊन त्यांनी लोकांना त्यांच्याच भाषेत बोलू दिले. म्हाताऱ्या बायका उठून सांगायच्या, की माझा मुलगा अमक्या वळणावर जन्मला, माझे सासरे तमक्या ओढ्यापाशी पुरले आहेत, तुमची नळी नेमकी तिथून जाते. १९७७ मध्ये अहवाल आला. जे दक्षिणेकडच्या लोकांना सरहद्द वाटते, ते इथल्यांचे घर आहे, हेच त्याच्या नावातूनही सांगितले होते. लोकांचे जमिनीवरचे हक्क आधी ठरवा, तोवर दहा वर्षे थांबा, अशी शिफारस त्यांनी केली. हक्कांचे करार पुढे झाले. इनुविआलुइट लोकांचा १९८४ मध्ये, ग्विचिन लोकांचा १९९२ मध्ये, सहतू देने लोकांचा १९९३ मध्ये. वायूची ती मोठी नळी आजतागायत झालेली नाही.

"तिथे माणसं कशी राहतात?" या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला इथे मिळाले. ज्याला आपण रान म्हणतो, तिथे प्रत्येक वळणाला नाव आहे आणि प्रत्येक नावामागे कोणाचे तरी घर आहे.

फोर्ट गुड होपच्या थोडे अलीकडे एवढी रुंद नदी अचानक आवळली जाते. दोन्ही बाजूंना चुनखडीचे सरळ उभे कडे येतात. या जागेला 'रॅम्पार्ट्स' म्हणजे तटबंदी म्हणतात. एवढे पसरलेले पाणी त्या दगडी गल्लीतून जाते. त्यापुढे आर्क्टिक वृत्त ओलांडले जाते. झाडे आणखी खुजी होतात. शंभर वर्षांचे झाड मनगटाएवढे जाड असू शकते.

नदी उत्तरेकडे वाहते, हे वाचताना सोपे वाटते, पण तिच्या काठच्या लोकांना ते फार अवघड पडते. वसंतात वितळायला सुरुवात होते ती दक्षिणेला, वरच्या अंगाला. पाण्याचा लोंढा खाली येतो, पण खाली उत्तरेला नदी अजून गोठलेली असते. मोठमोठे बर्फाचे तुकडे अडकतात, त्यांचा बांध होतो, आणि पाणी मागे गावात शिरते. २०२१ च्या मे महिन्यात फोर्ट सिम्प्सनच्या लोकांना असेच गाव सोडावे लागले होते. म्हणून बर्फ कधी फुटेल, कुठे अडेल, हे काठचे वृद्ध अजूनही आवाज ऐकून आणि रंग पाहून सांगतात.

शेवटी त्रिभुज प्रदेश येतो. मॅकेंझी इथे शेकडो फाट्यांत विखुरते. सुमारे तेरा हजार चौरस किलोमीटरचा हा पसारा, त्यात हजारो तळी. वसंतातल्या पुराचे पाणी दरवर्षी त्या तळ्यांत नवा गाळ आणि नवे पाणी भरते, त्यावर मासे, मस्करॅट, हंस, बदके जगतात. नदीबरोबर वाहून आलेली लाकडे समुद्रकिनाऱ्यावर जाऊन पडतात, जिथे एकही झाड उगवत नाही. इनुविआलुइट लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या याच लाकडांची घरे बांधली. हजार मैलांवरच्या रानातले खोड नदीने आणून त्यांच्या दारात ठेवले. त्यांच्यासाठी तर नदीवरून घर येणे ही नवी गोष्टच नव्हती.

या त्रिभुज प्रदेशाच्या पूर्व फाट्यावर इनुविक आहे. नावाचा अर्थ 'माणसाची जागा'. जवळचे जुने गाव अक्लाविक वारंवार पुरात जायचे, म्हणून १९५० च्या दशकात सरकारने हे नवे गाव वसवले. अक्लाविकच्या अनेकांनी मात्र गाव सोडले नाही. तिथे आजही बारमाही रस्ता नाही, बोट किंवा विमान, आणि हिवाळ्यात बर्फाची वाट. इनुविकला पश्चिमेच्या युकॉन प्रांतातून १९७९ मध्ये खडीचा एक रस्ता आला. पण तोही वाटेत पील आणि मॅकेंझी या दोन नद्या तराफ्याने ओलांडतो. बर्फ धरायच्या आणि फुटायच्या दिवसांत तराफा चालत नाही, बर्फावरूनही जाता येत नाही, आणि काही आठवडे तो रस्ता बंद. म्हणजे रस्ता झाला तरी परवानगी नदीचीच.

इनुविकची घरे खांबांवर उभी आहेत, कारण घराची ऊब जमिनीला लागली तर खालचा बर्फ वितळून घर खचेल. पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ जमिनीत पुरता येत नाहीत, ते ऊब दिलेल्या पेट्यांतून जमिनीच्या वरून गावभर फिरतात.

२३ सप्टेंबर २०१० रोजी मशीद इथे पोहोचली. मुस्लिम कुटुंबे काठावर वाट पाहत होती. विनिपेगपासूनचा एकूण प्रवास सुमारे चार हजार किलोमीटरचा झाला होता. मिनार तिथेच लाकडाचा बांधला गेला. नोव्हेंबरमध्ये मशीद सुरू झाली. 

इथली नमाज आणि रोजे यांचा विचार आपल्या वाचकांच्या मनात आलाच असेल. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत इनुविकमध्ये सूर्य मावळत नाही. डिसेंबर-जानेवारीत जवळपास महिनाभर तो उगवत नाही. सूर्याकडे पाहून मगरिब आणि सहरी ठरवायची कशी? तिथले लोक दक्षिणेकडच्या एडमंटन शहराचे वेळापत्रक पाळतात. बाहेर लख्ख ऊन असताना खजूर तोंडात घालायचा. सवय व्हायला वेळ लागतो, असे ते सांगतात.

आणि किब्ला? मुलीने पृथ्वीगोल घेतला आणि दोरा लावला. महाराष्ट्रात आपण पश्चिमेला तोंड करतो. इनुविकपासून मक्केपर्यंत सर्वांत जवळची वाट गोलावर मोजली, तर ती निघते जवळजवळ थेट उत्तरेला, उत्तर ध्रुवाच्या शेजारून पलीकडे उतरते. नदीही उत्तरेला वाहते. म्हणजे ती मशीद आठवडाभराहून जास्त पाण्यावर होती, तेव्हा नदी तिला साधारण किब्ल्याच्याच दिशेने नेत होती. दोरा हातात धरून आम्ही दोघी काही क्षण गप्प राहिलो.

२०१५ मध्ये टोरंटोच्या एका मुस्लिम सेवाभावी संस्थेने इनुविकला अन्नपेढी सुरू केली. तिथे दूध, फळे, भाजी यांचे दर ऐकून आपण थक्क होऊ, कारण सगळे दुरून येते. त्या अन्नपेढीतून मदत घेणारे बहुतेक मुसलमान नाहीत, तिथले मूळ रहिवासी आहेत. ज्यांच्या नदीने मशीद आणली, त्यांच्या घरी पिठाची पिशवी गेली. शेजारधर्म यापेक्षा वेगळा काय असतो?

आता शेवटची गोष्ट, आणि ती काळजीची आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात या प्रांतात भयंकर वणवे लागले. नदीचे पाणीही उतरले होते. २०२४ मध्ये ते इतके उतरले, की नॉर्मन वेल्स आणि तुलिताला जाणाऱ्या मालबोटी रद्द कराव्या लागल्या. ग्रेट स्लेव्ह सरोवराची पातळी कधी नव्हती इतकी खाली गेली. दक्षिणेकडे, जिथून पाणी येते, तिथे पाऊस आणि बर्फ कमी झाला होता. जे डिझेल, धान्य, बांधकामाचे सामान बोटीने यायचे, ते विमानाने आणावे लागले. विमानाने आलेल्या प्रत्येक पिंपाचा भाव घरातल्या शेगडीपर्यंत पोहोचतो, आणि तिकडे शेगडी म्हणजे चैन नाही, जीव आहे. दुसरीकडे हिवाळे कमी कडक होत चालल्याने बर्फाची वाट उशिरा सुरू होते आणि लवकर संपते. उन्हाळ्यात पाणी कमी, हिवाळ्यात बर्फ कमी, दोन्ही वाटा एकाच वेळी आखूड होत आहेत.

म्हणून रिगलीच्या पुढे बारमाही रस्ता करा, ही मागणी आता नदीकाठच्या गावांतूनही होते. काही जण म्हणतात, रस्ता हवाच, पोरांना दवाखाना हवा, स्वस्त दूध हवे. काही म्हणतात, रस्ता आला की त्यावरून काय काय येईल ते आम्ही पाहिले आहे. दोघेही त्याच नदीचे पाणी पिणारे आहेत. दुरून बसून कोणाला चूक म्हणावे, असे मला वाटत नाही. एवढेच वाटते, की निर्णय त्यांना विचारून व्हावा, बर्जर साहेबांनी विचारले होते तसे.

माझे माहेर कोकणात, खाडीकाठी. पूल व्हायच्या आधी पलीकडे जायचे तर तरीने. दादी सांगायची, की तिच्या लग्नाची वरात होडीतून आली, आणि ओहोटी लागली म्हणून नवरदेवाला पलीकडच्या काठावर तासन्‌तास बसावे लागले. "पाण्याला घाई नसते," ती म्हणायची. आज पुलावरून पाच मिनिटांत गाडी जाते आणि खाडीला भरती आहे की ओहोटी, हे माझ्या मुलीला माहीत नसते. पूल झाला ते चांगलेच झाले. बाळंतपणाला अडलेली बाई तरीची वाट पाहत मरू नये. पण पाण्याकडे बघायची सवयही त्या पुलावरून निघून गेली, हेही खरे.

मॅकेंझीच्या काठच्या लोकांची ती सवय अजून गेलेली नाही. त्यांना रोज पाण्याकडे बघावेच लागते.

मुलीने त्या रात्री वहीत नदीचा नकाशा काढला. सरोवर, संगम, धुमसणारी दरड, दगडी तटबंदी, फाटे, आणि टोकाला एक छोटा मिनार. खाली तिने लिहिले, 'इथे रस्ता नाही. वाट आहे.' मग थोडा विचार करून पेन्सिलीने कंसात आणखी एक शब्द जोडला, 'सध्या'.

तो शब्द खोडायला लागू नये, एवढी दुआ.